चौकटीबाहेरचा नायक
राजा रविवर्मा यांच्या ‘हंस-दमयंती’ चित्राचे एक घरगुती वाचन

माझ्या आजोळी, सांगलीजवळच्या एका लहान गावात, बैठकीच्या भिंतीवर एक मोठे चित्र टांगलेले होते. शिसवी चौकट, कोपऱ्यात ओल लागून पिवळी पडलेली काच, आणि काचेआड लाल साडी नेसलेली एक तरुणी व तिच्यासमोर पांढरा शुभ्र हंस. साडीच्या काठावर आजीने स्वतःच्या हाताने सोनेरी टिकल्या चिकटवल्या होत्या. त्या काळी अनेक घरांतील स्त्रिया अशा चित्रांना टिकल्या, जर, मखमलीचे तुकडे लावून सजवीत असत. हंसाला मात्र आजीने एकही टिकली लावली नव्हती. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “त्याला टिकल्या लावल्या तर तो पांढरा कसा राहील, पोरी?”

गावातील पुष्कळ घरांत लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे असत. आमच्या बैठकीत ही दमयंती होती. घरात मुलगी पाहण्याचा कार्यक्रम असला की पाहुणे समोरच्या जाजमावर बसत आणि मुलीचा पाट बरोबर या चित्राखाली मांडला जाई. लहानपणी मला तो योगायोग वाटे. आज सत्तरीच्या उंबरठ्यावर, ते चित्र माझ्या घरी आल्यावर, तो योगायोग नसावा असे वाटू लागले आहे. त्या चित्रात काय आहे आणि आजीने त्यात काय पाहिले असेल, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न.

चित्र घरात आले कसे?

राजा रविवर्मा यांचा जन्म १८४८ मध्ये केरळातील किळिमानूर येथे झाला. ‘हंस-दमयंती’ हे त्यांचे तैलचित्र १८९९ मधील. असे मूळ चित्र राजवाड्यात किंवा कलादालनातच पाहावयास मिळायचे. पण रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला नेला. जर्मनीहून यंत्रे व तंत्रज्ञ आणले. कालांतराने हा छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला, तरी रविवर्मांच्या नावाची चित्रे तेथून निघतच राहिली.

ही छपाई दगडावरची होती. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने चित्र उलटे काढायचे. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड. आणि एकच कागद पुन्हा पुन्हा, नेमक्या त्याच जागी बसवून, एकेका दगडावरून काढायचा. अखेरीस वर रोगण चढवून कागदाला तैलचित्राची झाक आणायची. एखादा दगड केसभर सरकला तरी रंग रेषेबाहेर जाई. आमच्या चित्रात दमयंतीच्या ओठांचा लाल रंग किंचित खाली उतरला आहे, त्यामुळे ती काहीतरी बोलण्याच्या बेतात आहे असे वाटते. हा छपाईचा दोष आहे हे मला फार उशिरा कळले. तोवर ती बोलणार म्हणून मी कित्येक दुपारी वाट पाहिली होती.

जे राजवाड्यात होते ते अशा रीतीने शेतकऱ्याच्या आणि व्यापाऱ्याच्या बैठकीत आले. रविवर्मांच्या अनेक नायिकांचा पेहराव मराठी स्त्रियांना ओळखीचा वाटावा असा असे, हेही या चित्रांच्या लोकप्रियतेचे एक कारण असावे. शिवाय दमयंती तर आपलीच, विदर्भाची राजकन्या. अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठी असलेले कौंडिण्यपूर हेच तिचे माहेर कुंडिनपूर, असे परंपरा मानते. रघुनाथ पंडितांच्या ‘नलदमयंतीस्वयंवराख्याना’मुळे तो हंस मराठी घरांत चित्राच्याही आधी पोचलेला होता.

चित्रात काय आहे?

चित्रात दमयंती उभी आहे. तिच्या साडीचा लाल रंग हा चित्रातील सर्वांत तीव्र रंग आणि हंसाचा पांढरा हा सर्वांत शांत. पाहणाऱ्याची नजर प्रथम लाल रंगाकडे जाते आणि तेथून दमयंतीच्याच दृष्टीच्या आधाराने हंसाकडे उतरते. हंसाच्या मानेचा बाक पुन्हा वर, तिच्या मुखाकडे नेतो. तिची किंचित कललेली मान आणि हंसाची उंचावलेली मान या दोन वळणांमध्ये आपली नजर फिरत राहते. चित्रकाराने संभाषण दाखविले आहे ते असे: शब्द नाहीत, पण बोलणे चालू आहे.

सभोवती राजोद्यान आहे. दगडी बांधकाम, झाडी, कमळांचे पाणी. मनुष्याने बांधलेली कड आणि मोकळे पाणी यांच्या सीमेवर हे संभाषण घडते. हंस ती सीमा सहज ओलांडून आला आहे. दमयंती अजून अलीकडेच आहे. कमळ हे चिखलात उगवूनही त्यापासून अलिप्त राहण्याचे चिन्ह आपणां सर्वांना परिचित आहे. हंसाचा संकेतही तसाच जुना: दूध आणि पाणी वेगळे करणारा तो नीरक्षीरविवेकी. विवाहाचा निरोप घेऊन येणारा दूत कसा असावा, हे आपल्या कवींनी या एका पक्ष्याच्या निवडीने सांगून टाकले. दुधात पाणी मिसळून आणणारे मध्यस्थ प्रत्येक काळात मुबलकच असतात.

महाभारताच्या वनपर्वात हा प्रसंग थोडा वेगळा आहे. तेथे हंसांचा थवाच येतो. दमयंती आणि तिच्या सख्या त्यांच्यामागे धावतात, प्रत्येक हंस एकेकीला दूर नेतो आणि दमयंतीच्या वाट्याला आलेला हंस मनुष्यवाणीने नलाचे गुणवर्णन करतो. रविवर्मांनी ती धावपळ, ते हसणे, त्या सख्या सगळे गाळले. उरली ती ऐकणारी एकटी मुलगी. कथेतील चपळ क्षण सोडून त्यांनी त्यानंतरचा स्तब्ध क्षण निवडला.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नल चित्रात नाही.

हे चित्र प्रणयाचे, पण त्यात नायकच नाही. नलाला दाखविणे रविवर्मांना अवघड नव्हते. स्वयंवराचा भव्य दरबार रंगविण्याचे सामर्थ्य त्यांच्यापाशी होतेच. तरीही त्यांनी त्याला चौकटीबाहेर ठेवले. जो दिसत नाही त्याच्याविषयी ऐकून मन कसे ठरत जाते, हा चित्राचा विषय आहे. म्हणून जे घडते ते सर्व दमयंतीच्या चेहऱ्यावर घडते.

याच चित्रकाराच्या शकुंतलेकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. पायात रुतलेला काटा काढण्याच्या निमित्ताने ती थांबते, एक हात सखीच्या खांद्यावर ठेवते आणि मागे वळून पाहते. ज्याच्यासाठी ती वळते तो दुष्यंत चित्रात कोठेही नाही. कालिदासाच्या नाटकातही पायाला दर्भ टोचल्याचा तो बहाणाच आहे. समाजाच्या मर्यादेत चालणाऱ्या मुलीला मागे वळून पाहण्यासाठी काट्याचे निमित्त शोधावे लागते. दमयंतीला तेवढेही करावे लागत नाही. तिच्याकडे निरोप चालत येतो. परंतु दोन्ही चित्रांत पाहणारी, ऐकणारी, ठरविणारी स्त्री मध्यभागी आहे आणि पुरुष चौकटीच्या पलीकडे.

बैठकीतील प्रसंग

आता आजोळच्या बैठकीकडे वळते. माझ्या धाकट्या मावशीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मावशी शिक्षिकेचे प्रशिक्षण पूर्ण करून गावच्या शाळेत लागली होती. चित्राखालच्या पाटावर ती मान खाली घालून बसली. पाहुण्यांनी नाव विचारले, शिक्षण विचारले, चालून दाखवायला सांगितले, वर्तमानपत्रातील चार ओळी वाचून घेतल्या. दिसायला चित्र तेच होते, पण उलटे: येथे पाहणारे सगळे पुरुष होते आणि मुलगी तेवढी पाहत नव्हती.

आजी माजघराच्या दारात उभी होती. एरवी ती पाहुण्यांसमोर बोलत नसे. त्या दिवशी पदर सावरून म्हणाली, “पाव्हणं, तुमचं इचारून झालं असंल तर आमच्या पोरीला बी एक इचारायचं हाय.”

बैठक शांत झाली. आजोबांनी आजीकडे पाहिले ते मला अजून आठवते. मावशीने मान वर केली आणि मुलाला विचारले, “मी शाळेत नोकरी करते. लग्नानंतर ती करावी असं तुम्हांला वाटतं का?” मुलाने आपल्या वडिलांकडे पाहिले. उत्तर वडिलांनी दिले. काय दिले ते मला आठवत नाही. परंतु आठ दिवसांनी निरोप आला की मुलगी फार बोलकी आहे.

घरात त्यानंतर जे झाले ते सोपे नव्हते. आजोबा आजीशी कित्येक दिवस बोलले नाहीत. भावकीत चर्चा झाली. मावशी रात्री उशीत तोंड खुपसून रडत असे आणि मी झोपेचे सोंग घेऊन पडून राही. दोन स्थळे परस्परच परत गेली. आजीने मात्र चित्र हलविले नाही आणि पाटाची जागाही बदलली नाही.

वर्षभराने दुसरे पाहुणे आले. मावशीने तोच प्रश्न विचारला. मुलगा गोंधळला. वडिलांकडे न बघता, रुमालाने कपाळ टिपत तो म्हणाला, “मला चालेल. घरी आईला पटवायला लागेल. ते जमेल की नाही, आज सांगता येत नाही.” पाहुणे गेल्यावर आजोबांनी विचारले, “कसा वाटला?” आजी दारातूनच म्हणाली, “घाम फुटला त्याला. माणूस हाय.”

सगळे हसले. मीही हसले. त्या वाक्याचा अर्थ मला कळायला तीस वर्षे जावी लागली.

पाच नल आणि एक सावली

वनपर्वातील नलोपाख्यान मी पुढे सावकाश वाचले. दमयंतीच्या स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चार देव आले, आणि चौघांनीही नलाचेच रूप घेतले. माळ घेऊन उभ्या असलेल्या दमयंतीसमोर पाच नल होते, एकासारखा एक. तिने देवांचीच प्रार्थना केली, तेव्हा त्यांची चिन्हे तिला दिसू लागली. देवांना घाम नव्हता, त्यांच्या पापण्या लवत नव्हत्या, माळा कोमेजल्या नव्हत्या, अंगावर धूळ नव्हती, पाय भूमीला टेकत नव्हते. पाचव्याची मात्र सावली पडत होती. त्याच्या गळ्यातील माळ कोमेजली होती, अंगावर धूळ आणि घाम होता, पापण्या लवत होत्या. दमयंतीने त्याच्या गळ्यात माळ घातली.

आजीला अक्षरओळख बेताची होती, पण कथा-कीर्तनांत ऐकलेला हा प्रसंग तिला ठाऊक होता. दमयंतीने चार निर्दोष रूपे नाकारून सावली असलेला मनुष्य निवडला, हे तिने त्या दुपारी चार शब्दांत सांगितले होते.

आपल्या परंपरेतही ही कथा आहे. हेमचंद्राचार्यांच्या ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरिता’त दमयंतीचे नाव दवदंती असे येते आणि तिची कथा कनकवतीच्या पूर्वजन्मांची कथा म्हणून सांगितलेली आहे. बोलणारा राजहंस तेथे कनकवतीकडे येतो, वसुदेवाचा वृत्तांत घेऊन. आणि तिच्याही स्वयंवरात खरा वर ओळखण्याची कसोटी आहेच: कुबेराने दिलेल्या अंगठीच्या प्रभावाने वसुदेव कुबेरासारखाच दिसू लागतो, आणि आपला अपेक्षित वर न दिसल्याने कनकवती खिन्न होते. अंगठी उतरल्यावरच त्याचे खरे रूप प्रकट होते. तपशील निराळे असले तरी दोन्ही परंपरांतील कवींना एकाच गोष्टीची चिंता होती. विवाहाच्या मंडपात रूपे पुष्कळ असतात, आणि त्यांतून माणूस ओळखावा लागतो.

या कथा निवडीनंतरचे दुःखही लपवीत नाहीत. नल द्यूतात राज्य हरतो आणि अरण्यात झोपलेल्या दमयंतीला सोडून जातो. दवदंतीच्या वाट्यालाही तोच वनवास येतो. स्वतः निवड केली म्हणजे सुखाची हमी मिळाली, असे कोणीही सांगितलेले नाही. परंतु पुढे पतीला शोधून काढण्याचे धैर्य दमयंतीत येते, ते ज्या मनाने तिने माळ घातली त्याच मनातून येते, असे मला वाटते. माझ्या मावशीचा संसारही काही चित्रासारखा झाला नाही. काकांच्या आईंना पटवायला चार वर्षे लागली. त्या चार वर्षांत मावशी शाळेपासून दूर राहिली, आणि मग निवृत्तीपर्यंत शिकवीत राहिली. “पहिल्याच दिवशी खरं बोलले होते ना,” एवढेच ती सांगत असे.

आज, पुन्हा तेच चित्र

ते चित्र गेल्या वर्षी माझ्याकडे आले. चौकट किडली होती. ती उघडली तेव्हा आजीच्या टिकल्यांमागील खळीचे डाग दिसले. नवी काच बसविली. टिकल्या तशाच ठेवल्या.

माझी नात पुण्यात नोकरी करते. तिच्या विवाहाचे पाहणे चालू आहे. परिचय-मेळाव्यांच्या पुस्तिका आणि भ्रमणध्वनीवर येणारे परिचयपत्र यांतून ती एकेक छायाचित्र मला दाखवते. सगळे चेहरे उजळ, कपड्यांवर एक सुरकुती नाही, मागे समुद्र किंवा डोंगर. मी मनाशी म्हणते, यांतील एकालाही घाम येत नाही. यात त्या मुलांचा दोष नाही. माझ्या नातीचे छायाचित्रही तसेच काढून पाठविलेले आहे. देवांचे रूप घेण्याची कला आता प्रत्येकाच्या हातात आली आहे, आणि म्हणून दमयंतीचे काम अधिकच कठीण झाले आहे.

एका रविवारी ती चित्रासमोर उभी राहिली. बराच वेळ पाहून म्हणाली, “आजी, यात तो कुठं आहे?”

“नाही तो,” मी म्हणाले.

“मग ती कुणाकडं बघतेय?”

“निरोप आणणाऱ्याकडं. खरं सांगतो की नाही, ते तपासतेय.”

मग मी तिला मावशीची गोष्ट सांगितली, पाट, प्रश्न, रुमाल आणि घामासकट. तिच्यासाठी ही गोष्ट नवीन होती. आमच्या घरात ती आजवर “मुलगी बोलकी निघाली” एवढ्यावरच थांबत असे, आणि त्यात माझाही वाटा आहे. माझ्या स्वतःच्या वेळी मी त्याच चित्राखाली बसले होते. मला काही विचारायचे होते आणि मी विचारले नाही. आजी त्या दिवशीही दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले, वाट पाहिली, आणि मी मान हलवून ‘नाही’ म्हटले. संसार चांगला झाला, तक्रार नाही. पण दमयंतीच्या त्या खाली उतरलेल्या ओठांकडे पाहताना ती दुपार मला अजून आठवते.

नातीने चित्राचे छायाचित्र काढून घेतले. पुढच्या आठवड्यात ती एका मुलाला भेटणार होती. दोन्ही घरचे लोकही असणार होते. निघताना तिने विचारले, “आजी, मग मी काय विचारू?”

मी म्हणाले, “प्रश्न तुझा, तू ठरव. विचारल्यावर उत्तर कोण देतो, तेवढं मात्र बघ.”